सिद्धव्वा, तुझ्या हातून मोडलं नव्हतं

सिद्धव्वा, तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. दवाखान्यात अक्षूच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून तिच्याच शाळेच्या वहीत हे लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं. तरी बोलायचं ते तुझ्याशीच आहे, दुसऱ्या कुणाशी बोलून उपयोग नाही.

आधी एक कबूल करते. मंगळवारी सकाळी तुझ्या सुनेचा फोन आला, "आत्या गेल्या की वो, झोपेतच गेल्या." मी मशीनवर गणवेशाची बाही जोडत होते. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा तू आली नाहीस. पहिल्यांदा आलं ते हे, की आता अक्षूला उचलणार कोण? पुढच्या बुधवारी तिचं ऑपरेशन ठरलेलं होतं. रडू नंतर आलं, बरंच नंतर. भीती आधी आली. अकरा वर्षं माझं हेच चाललंय, आणि ते तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही.

अक्षू गड्ड्याच्या जत्रेत, देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवसांत जन्मली, म्हणून माझ्या सासऱ्यांनी तिचं नाव अक्षता ठेवलं. अक्षता म्हणजे न मोडलेला तांदूळ. या नावाचा मला पुढे किती त्रास झाला ते सांगवत नाही. माझी आई आधीच वारलेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तू यायला लागलीस. रोज सकाळी कुंभारीहून बस धरून यायचीस. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तुझ्या पायांवर न्हालेली. तू न्हाणीत पाय पसरून पाटावर बसलीस, की पायांवर पालथं घातलेलं पोर आपोआप गप्प व्हायचं.

तेविसाव्या दिवशी तू अक्षूला तेल लावत होतीस. प्रत्येक पोराचा दुमडायचीस तसाच तिचा पाय गुडघ्यात दुमडलास आणि आवाज झाला. खडीसाखर दाताखाली फुटावी तेवढाच. मग तिचं ते किंचाळणं. तुझे हात जागच्या जागी थांबले. "बाई, कायतरी झालं. दवाखान्यात चला, आत्ताच्या आत्ता," हे पहिल्यांदा तूच म्हणालीस. लपवायला गेली नाहीस.

जवळच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मांडीचं हाड मोडलेलं. "तान्ह्याची हाडं नाजूक असतात, जोरात दाबलं गेलं असेल," ते म्हणाले आणि प्लॅस्टर घातलं. ते वाक्य घेऊन माझ्या सासूबाई घरी आल्या आणि दारातच उभ्या राहून ओरडल्या, "माझ्या नातीचा पाय मोडला हिनं! हिला कुनी दारात उभं करू नका!" गल्ली गोळा झाली. तू तेलाचे हात अंगापासून लांब धरून उभी होतीस. सकाळपासून पुसले नव्हतेस. तू माझ्याकडं बघितलंस. मी खाटेवर पोरीला घेऊन बसले होते. मी काही बोलले नाही.

पंधरा दिवसांत तुझी सगळी घरं सुटली. ज्या बाया सातव्या महिन्यातच तुला सांगून ठेवायच्या, त्यांनी दुसऱ्या बाया शोधल्या. तू परत विड्या वळायला बसलीस, हे मला दूधवालीकडून कळलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, सिद्धव्वा. तुझ्याशी आज खोटं बोलणार नाही.

अक्षू नऊ आठवड्यांची असताना दुसरं हाड मोडलं, ते माझ्या हातून.

घरी कुणी नव्हतं. मी तिचा लंगोट बदलत होते. सगळ्या आया करतात तसे तिचे दोन्ही घोटे एका हातात धरून जरासं उचललं आणि तोच आवाज झाला. मी दाबलं नव्हतं, ओढलं नव्हतं. नडगी मोडली होती. ती रडत होती आणि मी दोन्ही हात माझ्या मागे घेऊन भिंतीला टेकून उभी होते. तिला उचलायची हिंमत होईना. शेजारच्या वहिनी आवाज ऐकून धावत आल्या, त्यांनी तिच्याखाली फळी सरकवली आणि फळीसकट उचलून तिला रिक्षात घातलं.

या वेळी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी अंगभर फोटो काढले. आम्हाला ठाऊकही नसलेल्या दोन बरगड्या मोडून परत जुळलेल्या निघाल्या. त्यांनी ह्यांना आणि सासूबाईंना बाहेर बसवलं, दार लोटलं आणि मला विचारलं, "घरात कुणी हिला मारतं का? घाबरू नका, खरं सांगा." मी मान हलवून नाही म्हणाले. मग त्यांनी टॉर्च घेऊन अक्षूचे डोळे बघितले. "पांढऱ्या भागावर अशी निळसर झाक जन्मापासून आहे का?" होती. सगळे म्हणायचे, काय सुंदर डोळे आहेत पोरीचे.

तेव्हा त्यांनी मला बसवून सांगितलं. हाडाला आतून धरून ठेवणारा जो धागा असतो, तोच हिचा जन्मतः कच्चा आहे. शिंक आली, कूस बदलली, तरी हाड मोडू शकतं. पूर्ण बरा होणारा आजार नाही हा. पण औषधानं हाड भरतं, घट्ट होतं आणि मोठी झाली की ऑपरेशन करून हाडात सळ्या घालता येतात, म्हणजे उभी राहील. "एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "यात कुणाचीही चूक नाही. कुणी काही मोडलेलं नाही."

कुणी काही मोडलेलं नाही. ते ऐकलं आणि मला तुझे ते तेलाचे हात दिसले.

रिक्षातच मी म्हणाले, सिद्धव्वाला सांगायला हवं. सासूबाई म्हणाल्या, "सांग. आनि मग गल्ली इचारंल, रोग कुनाच्या घरातनं आला? तुज्या का आमच्या? उद्या दुसरं पोर झालं तर लोक बघायला येतील, ह्येचं मोडलं का म्हनून. झालं ते झालं. गप ऱ्हा." ह्यांनी बाहेर बघितलं. मीही गप्प राहिले. तुझ्यावरचा आळ काढायचा तर तो आमच्या रक्तावर घ्यावा लागणार होता आणि मी भ्याले.

पण चार दिवसांनी, बाजाराला जाते म्हणून, मी एकटीच कुंभारीला आले. तू दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होतीस. आत तुझा दोन महिन्यांचा नातू रडत होता, सून चुलीशी होती आणि तू उठत नव्हतीस. मी सगळं सांगितलं. निळे डोळे, कच्चा धागा, माझ्या हातून मोडलेली नडगी. तू ऐकत राहिलीस.

"म्हंजी माज्या हातनं न्हाय मोडलं?"

"नाही, सिद्धव्वा."

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तू सूप बाजूला ठेवलंस, मोरीत जाऊन तंबाखूचे हात साबणानं दोनदा धुतलेस, आत गेलीस आणि नातवाला उचललंस. तुझी सून चुलीपाशी उभीच राहिली. नंतर मला कळलं, अक्षूचा पाय मोडला त्या दिवसापासून तू त्याला हात लावला नव्हतास. स्वतःच्या हातांना भिऊन होतीस.

जाताना तू विचारलंस, "गल्लीत सांगितलंस का?"

"सांगेन," मी म्हणाले.

तू परत कधी विचारलं नाहीस. आणि मी सांगितलं नाही.

पुढचं सगळं तू केलंस. पोरीला न्हाऊ घालायला कुणी धजेना, तेव्हा सासूबाईंनीच तुला परत आत येऊ दिलं आणि गल्लीला सांगितलं, केलेलं फेडतीय ती. अक्षूला पहिल्यांदा औषधाची सलाईन लावली तेव्हा ती पाच महिन्यांची होती. तीन दिवस रोज थेंबथेंब औषध जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ताप चढला, इतका, की अंगाला हात लावला की चटका बसावा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, पहिल्या खेपेला असा ताप येतो आणि उतरतो. पण ऐकून ठेवणं वेगळं. मला वाटलं, हाडं वाचवायला गेलो आणि पोर घालवली. मी नर्सला सुई काढायला सांगत होते, अक्षरशः भांडत होते. तू टॉवेल ओला करून तिच्या पायावरनं फिरवत बसली होतीस. "हेदरब्याड यव्वा, हेदरब्याड," भिऊ नको गं बाई, भिऊ नको. ते पोरीला म्हणत होतीस की मला, मला कळलं नाही. एवढंच कळलं, की तुझं कानडी बाहेर आलंय म्हणजे तूही भ्यालीयस. दोघी भ्यालो होतो, पण तुझा हात हलत होता. संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

नडगी मोडल्यापासून मी तिला उचललं नव्हतं की आंघोळ घातली नव्हती; घरी उचलायचे हे, दवाखान्यात तू. ओल्या फडक्यानं पुसायची. आंघोळ दर रविवारी तू घालायचीस. प्लॅस्टिकच्या टबात खाली गोधडीची घडी, वर पाणी, आणि तुझा एक हात तिच्या बुडाखाली, दुसरा मानेखाली, बोटं पसरलेली. तेल लावायचीस ते तर दाबणं नव्हतंच. ज्वारीच्या भाकरीवर पाणी फिरवतात तसा तळवा फिरायचा. "हाताला घाई न्हाय पायजे," म्हणायचीस, "धरायचं न्हाय, खालनं आधार द्यायचा." मला शिकवायला बघितलंस कितीदा. मी दर वेळी टॉवेल आणायला म्हणून आत निघून जायची.

आपली भांडणंही कमी झाली नाहीत. अक्षू चार वर्षांची झाली तेव्हा दोन्ही मांड्या पुढे वाकल्या होत्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हाड दोन-तीन ठिकाणी कापायचं, सरळ करायचं आणि आतून सळी घालायची. सळी दोन तुकड्यांची, छत्रीच्या दांड्यासारखी एकातून एक सरकणारी. पोर वाढेल तशी लांबेल. मी चार महिने होकार दिला नाही. जी हाडं आपोआप मोडतात ती मुद्दाम कापायची? तू एका रविवारी चिडून म्हणालीस, "हाडं मोडत्यात म्हनून पोरीला काय खाटंवरच म्हातारी करायची हाय का तुला? भ्या तुजं हाय, पाय तिचा हाय." मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही आणि मग सही केली. पुढच्या वर्षी अक्षू वॉकर धरून आमच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. मी मागनं दोन्ही हात पसरून, श्वास धरून चालत होते. तू पुढं उभी राहून नुसती हसत होतीस.

आणि या खेपेला तू उलटलीस. सळी लांबायची तेवढी लांबली, उजवं हाड तिच्यापुढं वाढून टोकाशी वाकायला लागलं. अक्षू रात्री मांडी दुखते म्हणायची. सळी बदलायला हवी, डॉक्टर म्हणाल्या. मी हो म्हणाले. तू त्या शेवटच्या रविवारी तिला न्हाऊ घालून, केस पुसून, बाहेर येऊन माझ्यापुढे उभी राहिलीस.

"चालती हाय की पोर. चालत्या पायाला सुरी कशापायी?"

"आता नाही केलं तर मोडेल, सिद्धव्वा. मग अवघड जाईल."

"मागल्या टायमाला भुलीतनं उटाया किती येळ लावला हुता तिनं, इसरलीस? मी न्हाय इसरली. मला आता सोसायचं न्हाय परत."

तू भीती बोलून दाखवत होतीस. माझ्याजवळ पहिल्यांदाच. आणि मी काय म्हणाले? "तुला काय कळतंय त्यातलं? तिची आई मी आहे."

तू पदराला हात पुसलेस. "व्हय. तू आई. मी न्हाऊ घालनारी." केलेला चहा तसाच राहिला. दोन दिवसांनी तू गेलीस. आता मी तुला कुठं गाठू? तू बरोबर होतीस की मी, हे ठरायच्या आतच तू निघून गेलीस.

कुंभारीला मी एकटीच आले. अक्षूला सांगितलं नव्हतं. तुमच्यातल्या रीतीप्रमाणं तुला दारात बसवलं होतं, भिंतीला टेकवून, कपाळभर विभूती, अंगावर कोरं लुगडं. आमच्या गल्लीतल्याही चार बाया आल्या होत्या. मागं बसलेली एक दुसरीला हळूच म्हणाली, "बाई लई चांगली. पर त्या पोरीचा पाय मोडला हातनं, आनि कामच गेलं बिचारीचं."

मी वळले. "तिनं मोडला नव्हता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. भजनवाले थांबले. मग मी सगळं सांगितलं. आजार जन्माचा आहे, दुसरं हाड माझ्या हातून गेलं, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, सिद्धव्वाची काहीही चूक नव्हती.

मग कोपऱ्यातली ती आमची म्हातारी भारतीकाकू, तिच्या दोन्ही लेकी तू न्हाऊ घातलेल्या, तिनं शांतपणे विचारलं, "मग तवाच का बोलली न्हायस गं?"

"भ्याले होते."

"कुनाला?"

सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. कुणाचं नाव घेणार? तुझ्या सुनेनं माझ्याकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि तुझ्या कपाळावरची विभूती नीट करायला वळली. ती शिवी देती तर बरं झालं असतं. तुझे हात मांडीवर ठेवले होते. मला त्यांना हात लावायचा होता, पण मी मागेच राहिले. मग त्यांनी तुला मातीला नेलं.

रविवारी अक्षू टॉवेल मांडीवर घेऊन तुझी वाट बघत बसली. "ती रुसली का गं आई? तुम्ही भांडलात ना?" मी म्हणाले, सर्दी झालीय तिला, ऑपरेशन झालं की येईल. ऑपरेशनआधी पोरीचं मन मोडू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी नेहमीसारखीच भ्याले होते.

बुधवारी सकाळी हे खाली पैसे भरायला गेले असताना तिला न्यायला दोघं माणसं स्ट्रेचर घेऊन आली. चांगली माणसं होती, पण नवीन होती. एक तिच्या काखेत हात घालायला वाकला, दुसऱ्यानं पाय धरायला हात पुढे केला. "थांबा!" मी ओरडले. ती बिचारी दचकून मागे झाली. "मी उचलते." बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. तिला मी शेवटचं उचललं होतं ती नऊ आठवड्यांची असताना.

अक्षू माझ्याकडं बघत होती. "तुझे हात थरथरतायत," ती म्हणाली.

"हो."

"मग थांब थोडी. थांबले की उचल."

मी थांबले. बोटं पसरली. एक हात बुडाखाली, एक मानेखाली. ती पाखरासारखी हलकी आहे आणि मला हे माहीतच नव्हतं. खाट ते स्ट्रेचर, एवढं अंतर. त्यात मी काय काय ऐकायला कान लावला होता ते कुणाला सांगू? काही ऐकू आलं नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी दारात परत परत सांगत राहिले, मान वळवू नका, रक्तदाबाचा पट्टा आवळू नका. "माहीत आहे, सगळं लिहून ठेवलंय," ते म्हणाले. साडेतीन तास आम्ही बाकावर होतो. हे जपमाळ ओढत होते. मी मनात तुझ्याशी भांडत होते. डॉक्टर मॅडम बाहेर आल्या, मास्क खाली केला. "सळी बदलली. हाड पहिल्यापेक्षा बरंच भरलंय, औषधानं काम केलंय." आणि भुलीतनं उठायला? वेळ लागला, सिद्धव्वा. तू म्हणाली होतीस तसाच लागला. ती पाऊण तास डोळे उघडेना तेव्हा, माझ्यावर एक उपकार कर म्हणून मी तुलाच हाक मारली. मग तिनं पाणी मागितलं. पाय टेकायला अजून सहा आठवडे आहेत. त्यामुळं आपलं भांडण मी जिंकले असं अजून म्हणता येत नाही.

काल दुपारी ती पूर्ण शुद्धीवर होती. पेज पिऊन झाल्यावर म्हणाली, "आता खरं सांग. सर्दीला एवढे दिवस लागत नाहीत."

मी वॉर्डात इकडंतिकडं बघितलं, नर्स येते का, हे येतात का. कुणी आलं नाही.

"ती गेली, अक्षू. ऑपरेशनच्या आधीच गेली. मी तुला सांगितलं नाही. ती रुसली नव्हती तुझ्यावर. माझ्यावर चिडली होती, आणि माझंच चुकलं होतं."

मग तिला रडू फुटलं, आतून, पोटातून. छाती वरखाली व्हायला लागली. तुला ठाऊक आहे, या पोरीला मी आजवर मोठ्यानं रडू दिलेलं नाही. सहाव्या वर्षी नुसत्या खोकल्यानं तिची बरगडी गेली होती. तेव्हापासून तिचा चेहरा जरा वाकडा झाला की मी म्हणते, हळू, हळू, हलू नको. काल तोच शब्द ओठावर आला होता. मी गिळला. तिच्या पाठीखाली हात सरकवला, पसरून, न दाबता. तिच्या प्रत्येक हुंदक्याला माझ्या तळव्यावर बरगड्या उचलत होत्या आणि मी प्रत्येक हुंदक्याला आवाजाची वाट बघत होते. तिनं तुझं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, "अगं, गप कर तिला," म्हणाली.

मी भीतच होते, सिद्धव्वा. पण तिला थांबवलं नाही.